खिळ्यावरचा बोल्ट

टॅमरॅक लेक, विस्कॉन्सिन
रविवार, २० सप्टेंबर

आर्विड,

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत ती शोधत बसायला नको. फोन तू उचलत नाहीस. परवा तुझ्या दारात गाडी थांबवली तर पडदा हलला आणि पुन्हा बंद झाला. सत्तरीला आलेल्या बहिणीने धाकट्या भावाच्या ओट्यावर उभं राहून दार तरी किती ठोठवायचं? म्हणून टपाल. पेटीतून ते तुला काढावंच लागेल.

तुझ्या नऊही बंदुका माझ्या तळघरात आहेत. कोरड्या आहेत, प्रत्येकीला तेल दिलेलं आहे. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलाही काढत नाही. एवढ्या जड बंदुका मी एकटीने कशा खाली उतरवल्या असं मनात आलं असेल, तर येऊ दे.

पशुखाद्याच्या दुकानात तू म्हणालास म्हणे, "माझ्या घरी चोरी झाली, आणि चोर चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होता." लोक हसले. मलाही हसू आलं असतं. शेरीफकडे मात्र तू तक्रार केली नाहीस. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावते.

कोनीला जाऊन पाच महिने झाले. बायको गेलेला माणूस महिनाभर जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, हे मला समजतं. त्या रविवारी गॅरेजमध्ये मी जे पाहिलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. तू म्हणालास, "साफ करत होतो." आर्विड, मुलांना बंदूक हाताळायला मीच शिकवते. साफ करताना माणूस कसा बसतो ते मला माहीत आहे.

आई गेली त्या वर्षी बाबांबरोबर शिकारीला येणाऱ्या वाइनोने त्यांच्या रायफलच्या बोल्टचा लोखंडी दांडा काढून आपल्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. तू लहान होतास, पण तुला आठवत असणार. बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. शिकारीच्या दिवसांत पहाटे वाइनो तो बाबांच्या हातात द्यायचा, अंधार पडायच्या आत परत घ्यायचा. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढे वसंतात एका सकाळी वाइनोने बोल्ट आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि कॉफी मागितली. झालं. तो खिळा कशाला आहे हे आपल्या कॅम्पवर प्रत्येकाला माहीत आहे. मी त्याहून वेगळं काही केलेलं नाही.

तुझी बहीण,
इर्मा

•

रविवार, ४ ऑक्टोबर

आर्विड,

तुझं कार्ड मिळालं. "बंदुका परत कर. बाकी काही लिहू नकोस." पहिली गोष्ट करणार नाही, दुसरी तर मुळीच नाही.

तुझ्या अंगणात गॉर्डी प्लिसेकच्या नावाची पाटी दिसली. चांगलं आहे. माझ्याही अंगणात आहे. विधानसभेला आपल्या पक्षाचा उमेदवार आपल्याच कॅम्पवरचा, तुझा शाळेपासूनचा मित्र, मग पाटी लागणारच. ऐकलं की तेवीस तारखेच्या सभेत तू उभा राहून त्याला विचारणार आहेस: "माझ्या बहिणीसारख्या बाईने माझ्या बंदुका नेल्या, तर तू कुणाच्या बाजूने?" विचार. उत्तर ऐकायला मीही येईन.

रोज संध्याकाळी जेवण झालं की मी पक्षासाठी फोन करते, दर निवडणुकीत करते तसे. यंदा सगळ्यांचा विषय एकच, तो नवा कायदा. घरच्या माणसाने अर्ज केला आणि न्यायाधीशाला पटलं, तर काही महिने त्या माणसाच्या बंदुका ताब्यात घ्यायच्या आणि तेवढे महिने त्याला नवी विकत मिळणार नाही. मी लोकांना सांगते, "आपल्या माणसांची काळजी आपण घेतो. त्याला सरकार कशाला?" लोक म्हणतात, "बरोबर बोललात बाई." आणि हे बोलताना तुझ्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्या छातीशी असते.

तो कायदा मला आवडत नाही. ज्यांनी जन्मात हरणाचं पोट फाडलं नाही अशा माणसांनी तो लिहिला आहे. एखादी घटस्फोटवाली खोटा अर्ज करील, एखादा न्यायाधीश न वाचता सही ठोकील. आणि दुसऱ्या पक्षाची ती टेस ओकरलंड! गुरांची डॉक्टर आहे, हुशारही असेल, पण बंदूक हातात घेऊन फोटो काढला तेव्हा बोट थेट खटक्यावर. माझ्या वर्गात दहा वर्षांच्या मुलाने असं केलं तर त्याला मी बाहेर बाकावर बसवते. हिला मी निवडून देऊ?

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, आणि ती मी तुलाच सांगू शकते. परवा तुझ्या बंदुकांना तेल देत होते. बाबांच्या रायफलचा बोल्ट काढला, हातात घेतला. नंतर दुसरी, तिसरी. नऊपैकी चार अशा, की त्यांच्यातून काढून खिळ्याला टांगावं असं काही निघतच नाही. बाबांकडे एकच रायफल होती, आणि दुसरी घ्यायची म्हणजे वर्षभर लाकडं तोडावी लागायची. तो खिळा त्या दिवसांतला आहे.

वेलदोड्याचा पाव भाजला आहे. अर्धा तुझ्या पेटीत ठेवते. पाव परत पाठवायचा नसतो.

इर्मा

•

मंगळवार, १३ ऑक्टोबर

आर्विड,

तू काल दुसऱ्या काउंटीत जाऊन पिस्तूल घेतलंस.

मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. त्याने सांगायला नको होतं आणि त्याला ते ठाऊक आहे. माझ्या हाताखाली दोनदा नापास झालेला मुलगा आहे, आता टक्कल पडलंय, तरी अजून फोनवर मला "बाई" म्हणतो. म्हणाला, "बाई, मी वर सरकारी नोंदीत त्याचं नाव विचारून घेतलं. त्याचा कागद साफ आहे. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणू? पण पैसे देताना त्याचे हात असे हलत होते की मला रात्रभर चैन पडलं नाही." मी विचारलं, "मग मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला, "दुसरं कुणाला सांगू? सांगण्यासारखी जागाच नाही, बाई."

मी कोटही न घालता निघाले. आधी तुझ्याकडे आले. तू दार उघडलं नाहीस, पण आतून खोकलास, आणि त्या खोकल्याने माझा जीव भांड्यात पडला. मग गॉर्डीच्या ऑफिसात गेले.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्यापासून लपवली होती. त्याने शब्द घेतला होता म्हणून. तुझ्या बंदुका गॉर्डीच्या ट्रकमधून गेल्या. तू दवाखान्यात तपासणीला गेला होतास त्या दुपारी मी त्याला फोन केला, आणि दहा मिनिटांत तो हजर होता. एकेक बंदूक त्याने बाळासारखी उचलली, पायऱ्या उतरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा तो मला देवासारखा वाटला. हेही लिहिते, कारण तेही खरं आहे.

आज मात्र तो दार लावून घेऊन म्हणाला, "इर्मा, नऊच्या नऊ परत देऊन टाक."

"का?"

"त्याने नवं घेतलंच ना? मग जुन्या धरून बसून काय मिळणार आहे? उलट सभेत उभा राहिला तर आपला बाजार उठेल."

"आपला?"

"तुझा, माझा, पक्षाचा. मास्तरीणबाई, जरा हिशोब कर. पक्षाची बाई भावाच्या बंदुका उचलते, आणि उमेदवाराचा ट्रक! एवढी निवडणूक होऊ दे. मग मी स्वतः जाऊन त्याच्याशी बोलतो."

"आणि तोवर?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तोवर देवाच्या हाती."

"गॉर्डी, त्या दुपारी तू देवाची वाट पाहिली नव्हतीस."

माझा कोट कुठे आहे असं त्याने विचारलं, आणि आपला काढून देऊ लागला. वाईट माणूस नाही तो. म्हणूनच मला जास्त राग आला.

दार उघड, आर्विड. रागावून उघड, शिव्या देत उघड.

इर्मा

•

शनिवार, २४ ऑक्टोबर

आर्विड,

काल तू सभेला आलास आणि शेवट न ऐकताच निघून गेलास. म्हणून लिहिते. लोकांकडून उलटसुलट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

तुला मी आत शिरल्यावरच पाहिलं होतं. अग्निशमन दलाच्या हॉलच्या मागच्या दाराशी, टोपी डोळ्यांवर ओढून. तळलेल्या माशांची ताटं उचलली गेली, कॉफी फिरली, गॉर्डी माइकपाशी गेला. छान बोलला. मग ते वाक्य आलं. "माझ्या जिवात जीव आहे तोवर या काउंटीत एका माणसाच्या बंदुकीला दुसरा माणूस हात लावणार नाही. न्यायाधीश नाही, शेरीफ नाही, सख्खी बहीण नाही." सगळे टाळ्या वाजवत उठले. गॉर्डीने तुझ्याकडे पाहिलं. तुला खूश करायला ते तो बोलला होता.

मी उभी राहिले. बसून राहायचं ठरवून आले होते.

"गॉर्डी, एक प्रश्न," मी म्हटलं. "तुझ्या ट्रकवरची ताडपत्री कुठल्या रंगाची?"

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "बाई, परीक्षा आज नको!"

"निळी," गॉर्डी म्हणाला. त्याचा आवाज तेवढ्यातच बदलला होता.

"ऑगस्टमध्ये त्या निळ्या ताडपत्रीखाली नऊ बंदुका होत्या. त्या तुझ्या नव्हत्या, माझ्याही नव्हत्या. आपण दोघांनी उचलल्या. बरोबर?"

मी तुझं नाव घेतलं नाही. पण हॉलभर माना मागे वळल्या, आणि तू गेलास. ते मला टाळता आलं नाही. त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण.

पुढचं तू ऐकलं नाहीस. गॉर्डी गडबडला नाही. माइक खाली करून शांतपणे म्हणाला, "हो, उचलल्या. मित्र म्हणून उचलल्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उचलीन. म्हणूनच सांगतो, कायदा नको. शेजारी पुरतो." चांगलं उत्तर होतं. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या. महिनाभर मी फोनवर तेच तर सांगत होते.

टाळ्या थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग म्हटलं, "शेजारी पुरला नाही, गॉर्डी. नंतर दहावी बंदूक आली. ती दुकानातून आली, आणि दुकानदाराला नाही म्हणायची सोय नव्हती. आपण दोघांनी अख्खं घर रिकामं केलं, पण दुकानं कशी रिकामी करणार?"

यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाइनोने तेवढी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. टेस ओकरलंड मागाहून हात मिळवायला आली. मी तिला सांगितलं, आधी बोट खटक्यावरून काढायला शिक.

आज सकाळी माझ्या अंगणातली गॉर्डीची पाटी कुणीतरी उपटून नेली होती. बहुधा त्याच्याच माणसांनी.

तुझ्या घराच्या धुराड्यातून धूर निघताना पाहिला तेव्हा मी परत फिरले. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तुला गाडीचा आवाज आला असेल तर तो माझाच.

इर्मा

•

बुधवार, ४ नोव्हेंबर

आर्विड,

गॉर्डी निवडून आला. तुला कळलंच असेल.

मतदानाच्या दिवशी मी टाउन हॉलबाहेर पक्षाच्या उमेदवारांची यादी वाटत उभी असते, हिमात, पावसात, नवरा वारला त्या वर्षीसुद्धा. काल मी नुसती रांगेत उभी होते. यादी वाटायला एक नवीन बाई होती. तिने मलाही एक दिली. तिची काय चूक? मी घडी करून खिशात घातली.

आत गेल्यावर मी फार वेळ उभी राहिले. दोन पक्षांची नावं एकाखाली एक. एकाची माणसं माझी, कॅम्प माझा, चर्च माझं. दुसऱ्याची माणसं बोलायला लागली की मला दात-ओठ खावेसे वाटतात. पण माझ्या डोक्यात त्या टकल्या मुलाचंच वाक्य घुमत होतं, की सांगण्यासारखी जागाच नाही, बाई. मी टेस ओकरलंडच्या नावापुढे खूण केली. आनंद झाला नाही. हलकंही वाटलं नाही. गाडीत बसल्यावर हातमोजे सापडेनात, आणि ते हातातच होते.

वाइनो म्हणतो, "तू मत कुणाला दिलंस ते अख्ख्या गावाला कळलंय. मतदान आता फक्त तुझ्यापुरतं गुप्त आहे." पक्षाच्या कामाचा मी राजीनामा पाठवला. दुसऱ्या पक्षात मी जाणार नाही, त्यांच्या कॉफीलाही नाही. मग मी कुठली? माहीत नाही. या वयात असा प्रश्न पडणं शोभत नाही.

कायदा या खेपेला होणार नाही, एवढं आता नक्की.

आता कामाचं. शनिवार, एकवीस तारखेला हरणांचा सीझन सुरू होतो. बाबांची रायफल वाइनो स्वतः येऊन तुझ्या हातात देईल. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला दाराबाहेर उभं करायची तुझी टाप नाही, हे मला माहीत आहे. रायफलला बोल्ट नसेल. तो कॅम्पवर खिळ्याला आहे, मीच टांगला. हवा असेल तर पहाटे ये. नाश्ता नेहमीच्याच वेळी. गॉर्डीही असेल. तो आपल्या कॅम्पवरचा आहे, निवडून आला म्हणून किंवा मी त्याला उघडं पाडलं म्हणून त्याची खाट दुसऱ्याला देता येत नाही.

इर्मा

•

रविवार, २२ नोव्हेंबर

आर्विड,

काल दिवसभरात तू माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोलला नाहीस. म्हणून पुन्हा पत्र.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तुझ्या ट्रकचे दिवे झाडांतून दिसले तेव्हा वाइनो अंडी परतत होता. तो म्हणाला, "अजून चार अंडी फोडा." गॉर्डी उठून बाहेर जायला लागला. मी म्हटलं, "बस खाली." तो बसला.

तू आत आलास. नारिंगी जाकीट तुझ्या अंगावर पोत्यासारखं लोंबत होतं, इतका वाळलायस. बाबांची रायफल कोपऱ्यात ठेवलीस. भिंतीकडे, खिळ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोल्ट उचलशील. पण तू जाकिटात हात घातलास. गॉर्डीच्या हातातला काटा तसाच वर राहिला.

तू ते पिस्तूल टेबलावर ठेवलंस, ताटांच्या मध्ये, तोंड भिंतीकडे. गोळ्यांचं मॅगझिन काढून वेगळं ठेवलंस. माझ्या वर्गात शिकवते तसं, अगदी नीट.

वाइनो खाली वाकून बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणाला, "याचा बोल्ट कुठे असतो?"

"नसतो," तू म्हणालास. "यातून काढण्यासारखं काही नसतं. आख्खंच ठेवून घ्या."

वाइनोने मान डोलावली आणि तुझ्या ताटात अंडी वाढली. खाऊन झाल्यावर त्याने खिळ्यावरचा बोल्ट काढून तुझ्या हातात दिला. तू आणि गॉर्डी एकाच पायवाटेने गेलात, मध्ये बरंच अंतर ठेवून. संध्याकाळी तू तो परत आणून दिलास. मी टांगला. तू म्हणालास, "कपाटाची किल्ली अजून गळ्यात आहे?" मी हो म्हटलं. तू म्हणालास, "ठेव."

मी घरी येऊन ते पिस्तूल बाकीच्यांबरोबर ठेवलं. मग तळघराच्या पायरीवर बसले. आनंदाने बसले असं लिहायला मला आवडलं असतं.

पुढच्या रविवारी सीझन संपेल. सोमवारी कॅम्पला कुलूप लागेल, वाइनो मुलीकडे जाईल, गॉर्डी शपथ घ्यायच्या तयारीला लागेल. बोल्ट हिवाळाभर खिळ्यावर राहील. पण तू ज्या दुकानातून ते आणलंस ते सोमवारीही उघडं असेल, मंगळवारीही. तुझा कागद साफ आहे. मी मत दिलं ते त्या सोमवारसाठी दिलं होतं, आणि मी हरले. तेव्हा यापुढे तुझ्या आणि त्या दुकानाच्या मध्ये कायदा नाही, पक्ष नाही, खिळासुद्धा नाही. तुझी म्हातारी, चोर बहीण आहे.

मी रोज सकाळी तुला फोन करीन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. खोकलास तरी चालेल.

फक्त उचल.

इर्मा